विटांच्या टेकाडावरून

चैत्र लागला की कोलकात्यात आमच्या बेहाल्यातले कडुनिंब फुलतात. फुलं इतकी बारीक असतात की झाडाखालून जाताना अंगावर पडलेली कळत नाहीत. घरी येऊन सदरा काढला की कॉलरमधून गळतात. वास मात्र लगेच कळतो. तो आला की माझ्या तळहातांना घाम सुटतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाला फुलांच्या वासानं घाम सुटावा, हे कुणाला सांगण्यासारखं नाही. आमच्या दारासमोर कडुनिंबाचं मोठं झाड आहे, तरी पाडव्याच्या गुढीसाठी आणि चटणीसाठी आमच्या घरी कडुनिंब बाजारातून येतो. जुडी विकत घ्यायची आणि पिशवीत झाकून आणायची. सुलभानं, माझ्या बायकोनं, कधी त्याचं कारण विचारलं नाही.

यंदाच्या पाडव्याला ती स्वयंपाकघरात त्या पाल्यात गूळ, ओवा आणि हिंग घालून वाटत होती, आणि अमेयनं मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. अमेय आमचा एकुलता मुलगा. न्यू टाउनमधल्या एका कंपनीत आहे, आणि कंपनी त्याला परदेशात पाठवते आहे, डोंगरांनी वेढलेल्या एका शहरात. राहायचं कुठं, थंडी किती, भात मिळतो की नाही, यातलं काहीही त्यानं अजून पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते एवढंच की तिथं डोंगरातून सायकल घेऊन उतरायच्या वाटा आहेत. त्यानं मला चित्रफीत दाखवली. हेल्मेट घातलेला एक मुलगा कड्याच्या टोकावर थांबतो, पुढं झुकतो आणि स्वतःला खाली फेकून देतो. दगड, मुळं, माती, सगळं त्याच्या अंगावर धावून येतं. अमेय म्हणाला, "बाबा, घराजवळच आहे हे. रोज जाता येईल." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमचंच रक्त आहे ना."

मी उठून गॅलरीत गेलो.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. प्रत्येक घरात असते तशी. बारशाला, मुंजीला, मंगळागौरीला, चार मराठी माणसं कोलकात्यात एकत्र जमली की ती निघते. एकाहत्तर साली सुलभाच्या भावाला, अरुणला, जमावानं घेरलं होतं. जीवच घेणार होते. आणि मी टेकाडावरून सायकल घेऊन विजेसारखा खाली आलो आणि त्याला सोडवला. अरुण स्वतःच ती सांगतो. त्याचा एक कान त्या दिवशी गेला, म्हणून तो मोठ्यानं बोलतो, आणि गोष्ट आणखी मोठी होते. अमेय ती ऐकत वाढला. लहानपणी पलंगावरून उशांवर उडी मारताना तो ओरडायचा, "बाबा आले!"

गोष्टीत खोटं काही नाही. मी आलो होतो. पण कसा आलो, ते तिच्यात नाही.

*

मी साताऱ्याचा. आमच्याकडे सायकल म्हणजे यवतेश्वरचा घाट. चढताना हातात धरून न्यायची, उतरताना देवाच्या हवाली. काळी, लोखंडी, बावीस इंची सायकल. तिचे ब्रेक घाटातल्या तिसऱ्या वळणापर्यंत टिकायचे. नंतर रबराचा जळका वास यायचा आणि ब्रेक दाबला काय न दाबला काय, सारखंच. वरच्या गावांतून दुधाचे कॅन घेऊन उतरणाऱ्या गवळ्यांनी यावर उपाय काढला होता. रस्त्याकडेच्या झाडाची एक चांगली पानाळ फांदी तोडायची, काथ्याच्या दोरीनं मागच्या कॅरिअरला बांधायची आणि फरफटत न्यायची. फांदी रस्ता धरून ठेवते, सायकल आवरते. मागे धुळीचं शेपूट उठतं. आम्ही पोरं त्यांचंच पाहून शिकलो. पुढं ती फांदी बांधणं हेही आम्हाला भेकडपणाचं वाटायला लागलं, पण ते वयाचं काम.

तिथून सरकारी नोकरीनं मला बाविसाव्या वर्षी कोलकात्यात आणलं. खिदिरपूरच्या गोदीत, जहाजातून उतरलेल्या मालाच्या तपासणीचं काम. सायकल मी बरोबर आणली, गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून. हावड्याला उतरवली तेव्हा दोन तारा तुटलेल्या होत्या. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसात विचारलं, इथं डोंगर कुठं आहे? सगळी खोली हसली. मुख्य कारकून म्हणाले, एक रात्र गाडीत बसा, दार्जिलिंगला उतरा. दुसरे म्हणाले, लांब कशाला, पूल आहेत की.

खरंच पूलच होते. हे शहर इतकं सपाट आहे की सांडलेलं पाणीसुद्धा कुठं जावं या विचारात पडतं. मी रविवारी पूल शोधत हिंडायचो. गोदीकडच्या एका पुलाचा चढ मी ट्रकांच्या धुरात दहादा चढलो असेन, त्या पलीकडच्या एवढ्याशा उतारासाठी. गोदीच्या मागं दगडी कोळशाच्या राखेचा ढीग होता, दोन मजली उंच. त्यावरून उतरलो तर पुढचं चाक राखेत रुतलं आणि मी हँडलवरून तोंडावर आपटलो. पहारेकऱ्यानं येऊन आधी हात देऊन उठवलं आणि मग दंडुका मारला. नाकातून काळं रक्त आलं. त्या दिवशी मी खूश होतो.

तो आनंद कसला होता, ते कळायला मला फार वर्षं लागली. मला डोंगर नको होता, दऱ्या नको होत्या, ते करवंदीचे वास नको होते. मला तो एक क्षण हवा होता, ज्यात आपल्या हातात काही उरत नाही आणि समोरच्यानंच बाजूला व्हावं लागतं.

*

राहायला मी बेहाल्यात होतो, सुलभाच्या माहेरी, वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून. तिचे आजोबा कोलकात्याला शिकवायला आले ते इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण ती मराठी बंगालीच्या पाण्यात मुरलेली. पहिल्या दिवशी सुलभा मला म्हणाली, "चहा खाऊन जा." मी हसलो, तर ती रागावली आणि आठ दिवस चहाच दिला नाही. अरुण माझ्याहून वर्षानं मोठा, एका शाळेत गणित शिकवायचा. उंच, किडकिडीत आणि मवाळ. त्यानं आयुष्यात डोंगर पाहिला नव्हता. मी घाटाच्या गोष्टी सांगायचो, तो तोंड उघडं ठेवून ऐकायचा, आणि मग मला चिडवायचा, "ए मावळ्या, तुमच्याकडे सपाट जमीन दिसली की लोक नमस्कार करतात का रे?"

ते वर्ष रक्ताचं होतं. मला त्यातलं राजकारण आजही नीट सांगता येणार नाही. भिंती घोषणांनी भरलेल्या, त्यावर डांबर फासलेलं, डांबरावर पुन्हा घोषणा. संध्याकाळ झाली की बॉम्ब. हातानं बांधलेले, सुतळीचे. सुलभाची आई भात ढवळता ढवळता सांगायची, हा लांबचा, हा तळ्याकडचा. आमच्याच वस्तीतली पोरं, काल ज्यांनी सरस्वतीपूजेची वर्गणी मागितली ती, आज एकमेकांना गल्लीत गाठून भोसकत होती. पोलिसांची जाळीची गाडी यायची आणि हाताला लागतील ते न्यायची.

एका सकाळी मी सायकलवरून कामाला निघालो तर तळ्याच्या काठाला माणसं जमलेली. चटईखाली कोणीतरी होतं. बाहेर दोन पाय, एका पायात चप्पल. पायांवर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मी उतरलो, पाहिलं, आणि माझ्या मनात आलं की आता ही वाट बंद होणार, लांबून जावं लागणार. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तो मुलगा अरुणचा विद्यार्थी होता, हे मला संध्याकाळी कळलं. अरुण जेवला नाही. मी जेवलो.

हिंसा हवेतून लागते, देवीच्या रोगासारखी. मला ती लागलेली मला कळली नाही. ट्राममध्ये कुणी पायावर पाय दिला तर माझी मूठ आवळायची. आडवं आलेलं कुत्रं मी मुद्दाम चाकाखाली घ्यायला बघायचो. साताऱ्यात मी असा नव्हतो. पण साताऱ्यात मला घाट होता.

देवीच्या रोगाचं नाव उगाच नाही घेतलं. त्या चैत्रात वस्तीत देवी आल्या होत्या. बंगालीत म्हणतात, आईची दया झाली. ती आई म्हणजे शीतला. तिचं ठाणं आमच्या गल्लीच्या टोकाला एका जुन्या कडुनिंबाखाली होतं. शेंदूर फासलेला एक दगड, पुढं मातीचा घट. ज्या घरात रोगी असेल त्या घराच्या दाराला त्याच झाडाची डहाळी लावायची, त्याच पाल्यानं रोग्याच्या अंगावरून वारा घालायचा. त्या झाडाला एरवी कुणी नखही लावत नसे. मागून, हात जोडून, पुजाऱ्याकडून पाला घ्यायचा.

हे सगळं मला नंतर कळलं.

*

ते टेकाड अरुणनं शोधलं. शीतलेच्या ठाण्यापासून जवळच एक बंद पडलेली वीटभट्टी होती. कच्च्या-जळक्या विटांचा, राखेचा, मातीचा ढीग वर्षानुवर्षं साचून तिथं खरोखरची टेकडी झाली होती. वर घाणेरीची झुडपं, एका अंगानं शेळ्यांची पायवाट, आणि ती वाट सरळ खाली, तळ्याकडून, गल्लीच्या तोंडाशी येणारी. वस्तीतले लोक त्याला 'पाहाड' म्हणत. अरुण मला घेऊन गेला आणि लाजत म्हणाला, "तुझ्यासाठी. तुझ्या घाटाचा नातू म्हण."

मी त्याला उतरायला शिकवलं. पहिल्यांदा तो अर्ध्यावर सायकल सोडून झुडपात बसला. "मला भय लागतं रे," तो म्हणाला. भीती वाटते असं त्यानं कधी म्हटलं नाही, भय त्याला लागायचंच, ठेच लागावी तसं. मला त्याची दया आली आणि आमच्या गवळ्यांची फांदी आठवली.

दोन दिवसांनी पाडवा आला. भल्या पहाटे सुलभाच्या आईनं मला गुढीसाठी कडुनिंबाची डहाळी आणायला सांगितलं. त्या दरवर्षी ओळखीच्या एका बंगाली शेजारणीकडून आणवत, पण ती गावाला गेली होती. मी कोयता घेऊन निघालो आणि गल्लीच्या टोकाच्या झाडाशी आलो. खाली शेंदराचा दगड होता. आमच्याकडे दर झाडाखाली असा दगड असतो; पाडव्याला आपण देवाच्या पाया पडतो आणि डहाळी तोडतो, देवाला त्याचं वाईट वाटत नाही. मी पाया पडलो. अजून नीट उजाडलं नव्हतं, गल्लीत कुणी नव्हतं. गुढीसाठी एक लहान डहाळी घेतली. मग, आलोच आहे तर, दोन मोठ्या फांद्या तोडल्या. एक अरुणच्या सायकलीसाठी, एक माझ्या.

अरुणनं विचारलं, कुठून आणल्यास? मी म्हणालो, वाटेवरच्या झाडाच्या. तेही खोटं नव्हतं.

टेकाडावर आम्ही चारच्या सुमाराला चढलो. वायव्येकडचं आभाळ शाईसारखं झालेलं. कोलकात्यात या दिवसांत दुपार कलली की असं होतं. त्या वादळाला कालबैशाखी म्हणतात. आधी वारा पूर्ण पडतो. पानं थिजतात, कावळे गप्प होतात, आणि सगळं शहर डोकं खांद्यात घालून थांबतं. त्या थांबलेल्या हवेत मी अरुणच्या कॅरिअरला फांदी बांधली, माझ्याही बांधली. तो उतरला. फांदीनं धूळ धरली, सायकल आवरली, आणि अरुण पहिल्यांदाच न पडता, ओरडत, हसत खाली गेला. थेट गल्लीत शिरला. धुळीचं शेपूट त्याच्यामागं.

ठाण्याशी बायका पाणी घालत होत्या. एकीनं ती फांदी पाहिली.

वरून आवाज आधी ऐकू आला, मग दिसलं. बाईची किंकाळी. दारं उघडली. कुणीतरी धावत येऊन फांदीवरच पाय दिला, आणि अरुण सायकलीसकट मागं ओढला जाऊन पडला. ज्या घरांच्या दारांना त्या झाडाचा पाला होता, ज्यांच्या आत लेकरं तापानं फणफणत होती, त्या घरांतली माणसं बाहेर आली, आणि त्यांनी पाहिलं ते हे, की एक पोरगा आईची फांदी धुळीतून फरफटत हसत चालला आहे. आज मला त्यांचा राग येत नाही. बांबू आले. अरुणचं डोकं मला एकदा दिसलं, मग दिसलं नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते गोष्टीत नाही.

माझ्या सायकलीला फांदी बांधलेली होती. तशीच घेऊन उतरलो असतो तरी मी तिथं पोचलो असतो. हळू, पण पोचलो असतो. ओरडत, घंटा वाजवत, लोकांना वळून पाहायला वेळ देत. मी खाली वाकलो आणि दोरीची गाठ सोडली. काथ्याची गाठ लवकर सुटत नाही. माझी नखं दुखली. त्या गाठीवर वाकलेला असताना माझ्या डोक्यात अरुण नव्हता. माझ्या डोक्यात उतार होता. महिनोन् महिने मी ज्याच्यासाठी या सपाट शहरात भटकलो तो उतार आता माझ्यासमोर होता, आणि त्याच्या तळाशी माणसं होती, आणि आज मला कुणी अडवू शकत नव्हतं.

मी सोडली सायकल.

त्या क्षणाइतकं सुख मला आयुष्यात कशानं दिलेलं नाही. लग्नानं नाही, मुलाच्या जन्मानं नाही. विटांचे तुकडे चाकाखालून उडत होते, हँडल हातात नागासारखं वळवळत होतं, आणि त्याच क्षणी मागून वादळ सुटलं. वाऱ्यानं मला पाठीत लाथ घातली. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही. अरुण म्हणतो, 'हर हर महादेव'. गर्दीनं मला पाहिलं आणि ती फाटली. एक माणूस मात्र हलला नाही. बनियनमधली रुंद पाठ, माझ्याकडे पाठमोरी, खाली वाकलेली. ती मला अर्ध्या उतारावरूनच दिसली होती. डावीकडे तळ्याचा काठ मोकळा होता. मी डावीकडे वळवली नाही. मला वाटलं, हाच मारतो आहे. असं वाटलं असं मी म्हणतो. खरं म्हणजे मला काही वाटलंच नाही. मी नेम धरला.

हाड मोडल्याचा आवाज ओला बांबू पिरगळल्यासारखा असतो.

मग गारा आल्या. सुपारीएवढ्या. आभाळ फुटून खाली आलं आणि लोक डोक्यावर हात धरून दारांमागं पळाले. मला भिऊन कुणी पळालं नाही. अरुणला सोडवलं ते गारांनी. रस्त्यावर आम्ही तिघंच उरलो, अरुण, मी, आणि तो माणूस, ज्याची पिंढरी गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळली होती. अरुणच्या कानातून रक्त येत होतं आणि गारांच्या आवाजात तो मला काहीतरी सांगत होता. मी तोंडाशी कान नेला. तो म्हणाला, "याला का? हा तर मला झाकत होता."

*

तो माणूस म्हणजे हरिपद-बाबू. त्यांची कोळशाची वखार होती, शीतलेच्या ठाण्यासमोरच. त्यांची नात देवीनं आजारी होती. फांदी पाहून सर्वात आधी तेच धावून आले होते, मारायलाच. पण माणूस मरतोय असं दिसल्यावर त्याच्यावर ओणवे झाले.

मी तिसऱ्या दिवशी मोसंबी घेऊन इस्पितळात गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. पाय प्लॅस्टरमध्ये, वर टांगलेला. त्यांनी मला पाहिलं, बोटानं जवळ बोलावलं. आणखी जवळ. मी वाकलो आणि त्यांनी माझ्या तोंडात मारली. कोळशाची पोती उचलणारा हात तो. माझा ओठ फाटला, शेजारच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. मग ते म्हणाले, "आता मोसंबं सोल."

मी सोललं. माझं रक्त त्याच्यावर टपकलं, ते त्यांनी पुसून खाल्लं.

मी म्हणालो, तुम्ही अरुणला वाचवत होता हे मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, वाचवत-बिचवत नव्हतो. माझ्या दारात मेला असता तर पोलिसांनी वखारीला टाळं लावून माझ्या पुतण्याला नेला असता. पोलिसांना त्यांनी सांगितलं की वादळात पाय घसरून पडलो. वस्तीतल्या पोरांनाही तेच. माझं नाव घेतलं असतं तर पोरांनी मला आठवडाभरही जगू दिलं नसतं, हे त्यांना माहीत होतं. मी आभार मानायला लागलो तर त्यांनी पुन्हा हात उचलला.

निघताना त्यांनी विचारलं, कुठला तू? मी सांगितलं, साताऱ्याचा, मराठी. ते कितीतरी वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "ओ. बर्गी."

अडीचशे वर्षांपूर्वी मराठ्यांचे घोडेस्वार बंगाल लुटायला आले होते. बर्गी म्हणजे ते. अजूनही इथं आया त्यांची भीती घालून लेकरं झोपवतात. साताऱ्याच्या शाळेत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला फक्त घोड्यावर बसलेली माणसं दाखवली. घोडे कुणाच्या अंगावर गेले ते नाही.

त्यांचा पाय वाकडाच जुळला. नात वाचली, पण तिचा एक डोळा गेला. फांदी तोडल्यानं डोळा जात नाही, हे मी शिकलेला माणूस आहे म्हणून मला कळतं. तरीही गल्लीत ती समोरून आली की मी आजही तिच्या त्या बाजूनं जात नाही.

माझी बदली दोनदा निघाली. एकदा मुंबई, एकदा पुणे. दोन्ही वेळा मी रद्द करून घेतली. आईनं साताऱ्याहून विचारलं, काय ठेवलंय तुझं तिथं? मी सांगितलं, सुलभाला कोलकाता सोडवत नाही. सुलभानं ते ऐकलं आणि खोडलं नाही. रोज सकाळी मी वखारीवरून कामाला जायचो, आणि हरिपद-बाबू काठीवर रेलून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "ए बर्गी! आज कुणाला?" लोकांना ती थट्टा वाटे. मीही हसून हात करायचो. त्यांच्या मरणापर्यंत हे चाललं. त्यांना खांदा देणाऱ्यांत मी होतो, आणि खांद्यावर ते वजन घेऊन चालताना मला वाटलं की आता मला माझ्या खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

*

पाडव्याच्या त्या दुपारी, चटणीचा कडूपणा जिभेवर असताना, मी अमेयला हे सगळं सांगितलं. तो खोका भरत होता. सायकलीची पेडलं काढून ठेवलेली, हँडल वळवून चौकटीला लावलेलं. मी सांगत गेलो आणि तो पान्हा हातात धरून बसून राहिला. त्याला माझी भीती वाटावी, असं मला वाटत होतं का? वाटत असावं. तो त्या कड्याच्या टोकावर उभा राहील तेव्हा मी त्याच्या मागं उभा असावं, त्याची मान धरून, इतकाच माझा स्वार्थ होता.

त्यानं एकच विचारलं. "वळवता आली असती?"

"आली असती."

त्यानं पान्हा खाली ठेवला आणि म्हणाला, आईला हे माहीत नसेल.

सुलभा दारात उभी होती. हात ओल्या पदराला पुसत म्हणाली, "माहीत आहे. दादानं त्याच आठवड्यात सांगितलं. खाली पडल्या पडल्या त्याला वर हे वाकलेले दिसले होते. त्याला वाटलं, चपला घालून पळताहेत. पण हे आले, आणि मागं फांदी नव्हती."

मी तिच्याकडे पाहिलं. सगळ्या बारशांत, सगळ्या मुंजींत ती ती गोष्ट ऐकत बसली होती, पोहे वाढत.

"आणि तरी लग्न केलंत?" अमेयनं विचारलं. त्यानं आईला कधी नव्हे ते 'तुम्ही' म्हटलं, किंवा आम्हा दोघांना मिळून म्हणाला असेल.

"बाकीचे गच्च्यांवरून बघत होते, कुणी खालीच आलं नव्हतं," सुलभा म्हणाली. "हे आले. आल्यावर काय करतात ते बघू म्हटलं. तेहतीस वर्षं बघतेय." आणि ती आत गेली. तिच्या स्वरात माफी नव्हती, आणि मीही ती तिथं शोधली नाही.

अमेय गेला. जाताना माझ्या पाया पडला, पण पाठीवर थाप मारली नाही. सायकलीचा खोका विमानतळावर सरकत्या पट्ट्यावरून आत गेला आणि मला वाटलं, मी पोराच्या हातून काहीतरी काढून घेतलं आहे. आता तो डोंगरावर जाणारच नाही. गेला तर ब्रेक धरून उतरेल, माझ्यासारख्या बापाचा मुलगा म्हणून. आणि उतरणं ही काही वाईट गोष्ट नव्हती, ती मी वाईट केली. पुढचे काही आठवडे त्याचे फोन आले ते घराचे, थंडीचे, डाळीच्या भावाचे. सायकलीचं तो बोलला नाही. मी विचारलं नाही. इकडे रोज संध्याकाळी वादळं येत होती, गॅलरीतल्या कुंड्या पडत होत्या, आणि मी पडलेल्या कुंड्या उभ्या करत होतो.

काल फोन आला. आधी इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "बाबा, आज गेलो होतो."

"कुठं?"

"वर. टोकापर्यंत." तिकडे वारा होता, त्याचा आवाज तुटत होता. "खाली वाटेवर एक म्हातारी बाई होती. कुत्रा घेऊन चालली होती. फार हळू. मी थांबलो ती जाईपर्यंत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग सोडली सायकल," तो म्हणाला. "पूर्ण सोडली."

"मग?"

मला सांगावं की नाही, याचा तो विचार करत असावा. मग त्याचा तो लहानपणीचा, दम लागलेला आवाज आला.

"फार मजा आली, बाबा."

मला त्याला बरंच सांगायचं होतं. पण मी फोन त्याच्या आईच्या हातात दिला.